दिवाळीत माग बंद असताना: शेडमधल्या कानांसाठी तयारीची यादी

दिवाळीत यंत्रमाग थांबले की आमच्या शेडमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो. वर्षभर तो पंखा तिथेच फिरत असतो, पण त्याला आवाज आहे हे या चार-सहा दिवसांतच कळतं. कामगार गावी गेलेले असतात, माग पुसून झालेले असतात, पूजेची फुलं अजून बीमवर (उभं सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर) सुकत असतात. कानांची तयारी करायची तर हेच दिवस आहेत. एकदा चाक फिरलं की पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाला सवड होत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, आणि आज गल्लीगल्लीत माग आहेत. पण कामगारांच्या कानांची नोंद ठेवणारी वही मी अजून एकाही शेडमध्ये पाहिलेली नाही. ही यादी साध्या मागांच्या, २४ मागांच्या शेडची आहे. रॅपियर या नव्या पद्धतीच्या मागवाल्यांनी आणि भिवंडी-मालेगावच्या मंडळींनी ती आपल्या बेताने बदलून घ्यावी.

यादीतलं पहिलं काम बोनस वाटतानाच करायचं, म्हणजे माग बंद होण्याआधी. सगळ्यांना एकत्र उभं करून, माग थांबवून, स्पष्ट सांगायचं की दिवाळीनंतर सगळ्यांचे कान तपासणार आहोत, खर्च शेडचा, आणि तपासणीत काहीही निघालं तरी कुणाचा माग काढून घेतला जाणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं. विणलेल्या मीटरवर पगार घेणाऱ्या माणसाला आपलं ऐकणं कमी झालंय हे कबूल करायची भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. तो लपवतो, मान डोलावतो, ‘हो हो’ म्हणतो.

आमच्या जॉबर मामांनी, म्हणजे माग जुळवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी, अशी किती वर्षं काढली कोण जाणे. त्यांच्या हाताला मागाची नस सापडते, आमच्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडून काम शिकलंय. एके दिवशी मी त्यांना सात नंबरच्या मागावरचा बीम उतरवायला सांगितला. मामा ‘बरं’ म्हणाले आणि आठ नंबरचा अर्धा विणलेला बीम उतरवून ठेवला. मी त्यांच्यावर चिडलो, चार माणसांसमोर. ते काहीच बोलले नाहीत. पुढे कानाच्या डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. गोंगाटाने कान जातो तो आधी बारीक, टोकदार आवाजांपासून, ४००० हर्ट्‌झच्या आसपास. बोलण्यातले स, श, थ, फ, ठ तिथले. ‘सात’मधला ‘स’ गेला आणि शेवटचं अक्षर पुसट झालं की ‘सात’ आणि ‘आठ’ यांत फरक उरत नाही. अशा माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही. म्हणून तर लोक म्हणतात, ‘याला हवं तेवढंच ऐकू येतं.’ हे वाक्य आपल्या शेडमध्ये कुणी कुणाला म्हणत असेल तर यादीत त्या माणसाचं नाव सगळ्यात वर घ्या. मी मामांची माफी मागितली, तीही त्याच चार माणसांसमोर.

दुसरं काम आवाज मोजण्याचं. हेही माग चालू असतानाच होतं, म्हणून दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात उरकायचं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर कानाला धोका आहे, एवढं समजायला यंत्र लागत नाही. पण आकडा हातात असलेला बरा. मोबाइलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, खरं मोजमाप ध्वनिमापक यंत्राने होतं, आणि ते भाड्याने मिळतं. माणसाच्या कानाला जुळणाऱ्या ‘ए’ मापावर ठेवून, विणकर उभा राहतो तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर धरायचं. शेडच्या मधोमध, कोपऱ्यात, कांडी मशीनजवळ (तिथे आडव्या धाग्याच्या कांड्या भरतात) आणि दिवाणजींच्या टेबलाशी वेगवेगळे आकडे येतात. ते शेडच्या नकाशावर तिथल्या तिथे लिहून घ्यायचे.

आकड्याचा अर्थ असा. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९५ला ४ तास, १००ला २ तास, १०५ला १ तास. ११५च्या पुढे क्षणभरही नाही. साध्या मागांच्या बंदिस्त शेडमध्ये आकडा १००च्या आसपास जाणं नवलाचं नाही, आणि आपली पाळी १२ तासांची. म्हणजे परवानगी २ तासांची आणि मुक्काम सहापट. जगभरातले बरेच तज्ज्ञ तर ८५ डेसिबल आणि दर ३ला निम्मा वेळ असा याहून कडक हिशोब धरतात. माझं मत विचाराल तर तोच धरावा. आतल्या कानातल्या ज्या बारीक केसपेशी आवाज पकडतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

आता माग बंद झाल्यावरची कामं. मोठा आवाज धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याचा. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा पिकर हा ठोकळा त्याला फटका मारतो आणि तो समोरच्या पेटीत जाऊन आदळतो. झिजलेले पिकर, खिळखिळ्या पेट्या, सैल बोल्ट, दात झिजलेली चाकं ही सगळी बदलून, कसून घ्यायची. मागाच्या पायाखालचे फेल्ट दबून पापड झाले असतील तर नवे घालायचे. यात कानांबरोबर मागाचंही आयुष्य वाढतं, त्यामुळे पैसा आधी इथेच घालावा. पत्र्याखाली गोणपाट किंवा स्वस्त फोम लटकवू नका. त्यात कापसाचं तूस साठतं, आणि एका ठिणगीत शेड जाते.

सगळ्यात सोपी आणि बहुतेक शेडमध्ये राहून गेलेली गोष्ट कांडी मशीनची. कांडी भरणाऱ्या मावशींचा मागाशी काही संबंध नसतो, तरी जागा नाही म्हणून त्यांचं मशीन शेडच्याच कोपऱ्यात असतं, आणि त्या दिवसभर तो गोंगाट फुकट सोसतात. दिवाळीत एक भिंत आणि एक दार घालून मशीन पलीकडे न्या. दिवाणजींचं टेबलही तिकडेच. हवेचा कॉम्प्रेसर बाहेर. भिंतीला भोक ठेवू नका, हाताएवढ्या फटीतूनही आवाज भरपूर येतो.

कामगार परतले की मागाला हात लावण्यापूर्वी तपासणी. नियमानुसार अशा गोंगाटात काम करणाऱ्याचे कान कामावर लागल्यापासून १४ दिवसांत आणि पुढे दर १२ महिन्यांनी तपासायला हवेत. कामगार थोडे असल्यामुळे आपल्या बऱ्याच शेड कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत, पण पद्धत चांगली आहे, ती घ्यावी. ऑडिओमेट्री (ऐकण्याची मोजणी) करण्याआधी निदान १४ तास कान शांत असावे लागतात. पाळी संपवून थेट गेलं तर थकलेल्या कानाचा आलेख निघतो, खरा निघत नाही. सुट्टीवरून आलेला कान म्हणून सोन्यासारखा. फक्त फटाके कधी वाजवले ते विचारा, आणि त्यानंतर दोन दिवस जाऊ द्या. कानात मळ आहे का, बुरशी आहे का, पडद्याला भोक आहे का हे डॉक्टरांनी आधी पाहिलं पाहिजे. निम्म्या तक्रारी तिथेच सुटल्या तर आनंदच. कोमट तेल घालणं आणि काडीने कोरणं बंद करा असं त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. कानात सतत शिट्टी किंवा घूं असा आवाज येतो का, हेही विचारायला सांगा. जमलं तर कामगाराच्या बायकोला सोबत बोलवा. टीव्हीचा आवाज कधीपासून वाढला हे तिला नेमकं माहीत असतं. आलेखाची एक प्रत कामगाराला, एक आपल्या फाइलमध्ये. पुढच्या वर्षीचा आलेख त्यावर ठेवून पाहिला की घसरण कळते.

कानातल्या बोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळ्यांचं चुकतं. आपला विणकर पडलेल्या सुताचा बोळा करून कानात कोंबतो. त्याने जवळजवळ काहीच अडत नाही, फक्त मनाला बरं वाटतं. फोमचे इअरप्लग घ्या, दोन-तीन मापांचे, कारण सगळ्यांच्या कानाचं भोक सारखं नसतं, आणि बायकांना बहुतेकदा लहान माप लागतं. घालायची रीत अशी. तेलाचे हात साबणाने धुवायचे. वात वळतो तसा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, सुरकुती न पाडता. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वाट सरळ होते. प्लग आत सारून बोटाने दाबून धरायचा आणि मनात ३०पर्यंत मोजायचं. नीट बसला की आपलंच बोलणं रांजणात बोलल्यासारखं घुमतं. समोरून पाहणाऱ्याला प्लग बाहेर डोकावताना दिसता कामा नये. चालू मागाशी उभं राहून दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबा. आवाज फारसा कमी झाला नाही तर प्लग बरोबर आहे, एकदम कमी झाला तर काढून पुन्हा घाला. प्रत्येकाला समोर बसवून दोनदा करून घ्यायचं. २४ मागांच्या माणसांना एक दुपार पुरते.

पाकिटावर २९ लिहिलं असेल तर २९ डेसिबल कमी होतील असं धरू नका. त्यातून ७ वजा करून उरलेल्याचं निम्मं, म्हणजे ११ धरा. १००चे ८९ होतात. १२ तासांच्या पाळीला तेही जास्तच, म्हणून मागाची डागडुजी आधी सांगितली आणि पाळीत शांत जागी विश्रांतीही हवीच. सगळ्यात मोठं नुकसान प्लग मध्येच काढण्याने होतं. ३० डेसिबल अडवणारा प्लग ८ तासांतला एक तास काढून ठेवला तर दिवसभराचं संरक्षण जेमतेम ९वर येतं. चहाला जाताना दाराबाहेर पडल्यावरच काढायचा, आत शिरण्याआधी घालायचा. दाराशी साबण, पाणी आणि प्लगचा डबा ठेवा, म्हणजे सबब राहत नाही. हेडफोनसारखे मफ आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत, घामाने माणूस काढून टाकतो. ते जॉबरला दुरुस्तीच्या वेळी प्लगवरून घालायला ठेवा.

मागाचा आवाज बदललेला कळणार नाही, ही विणकरांची शंका रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. चांगल्या कानाला आठवडाभरात सवय होते, आणि गोंगाटात प्लग घालून बोलणंही उलट नीट कळतं. पण ज्याचं ऐकणं आधीच कमी झालंय त्याला जाड प्लगने काहीच कळेनासं होतं. त्याला सगळे आवाज सारखे कमी करणारे प्लग कानाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. कानातलं मशीन बंद करून प्लगसारखं वापरता येत नाही. शेडमध्ये ते काढून कोरड्या डबीत ठेवायचं, बाहेर आल्यावर घालायचं. चालू ठेवून आत काम करायचं का, हे डॉक्टरच सांगतील.

कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी यंत्रमागाची शेड खरं तर चांगली जागा आहे. माग चालू असताना तिथे कुणालाच ऐकू येत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांमधल्या विणकर बायका ओठ मोठे हलवून, खुणांनी बोलायच्या, त्याला त्या मी-मॉइंग म्हणत. आपल्याकडेही धागा तुटला, कांडी संपली, जॉबरला बोलाव, यांच्या खुणा आहेतच. या सुट्टीत त्या ठरवून सगळ्यांच्या सारख्या करा, मागाचा नंबर बोटांनी दाखवायचा हेही त्यात घ्या. प्रत्येक मागावर जॉबरला बोलवायचा एक लाल बल्ब लावा. मुख्य भिंतीवर फळा लावा आणि बीम, पिक (इंचातले आडवे धागे), पार्टी (माल कुणाचा) हे सगळं त्यावर लिहूनच द्या. आमच्याकडे बीमची अदलाबदल त्यानंतर झालेली नाही. आगीच्या भोंग्याबरोबर चमकणारा दिवा हवाच, तोही शेडच्या दोन्ही टोकांना आणि संडासातही. चालू मागाशी वाकलेल्या माणसाच्या पाठीवर मागून हात ठेवू नका. तो दचकतो, आणि हात नको तिथे जातो. समोरून, त्याच्या नजरेत येऊन बोला.

ऑफिसात हिशोबाचं बोलणं असेल तेव्हा तोंडावर उजेड पडेल असं बसा, खिडकीकडे पाठ करू नका. ओरडू नका, ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा. मोबाइलवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं, पगाराच्या दिवशी त्याचा चांगला उपयोग होतो.

कागदांचं थोडक्यात. गोंगाटाने येणारं बहिरेपण १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवायलाच हव्या अशा रोगांत होतं, आणि भरपाईच्या १९२३च्या कायद्यातही व्यवसायजन्य आजार म्हणून होतं; २०२५मध्ये या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे कमी ऐकू येणं, ७० म्हणजे बहिरेपण. सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, त्यासाठी कामगाराला भरपगारी एक दिवस द्या. मात्र गोंगाटाने गेलेल्या कानाची घट कित्येकदा बारीक आवाजांच्या वरच्या पट्टीत असते आणि कागदावर ६० भरत नाही. मामांचीही भरली नाही. म्हणून बल्ब आणि फळा यांच्यासाठी कार्डाची वाट पाहू नका.

सुरू करायच्या सकाळी सगळे माग एकदम लावायचे नाहीत. आधी सगळ्यांनी प्लग घालायचे, जोडीदाराने जोडीदाराचा कान पाहायचा. मग एकेक लाल बल्ब लावून पाहायचा. आमच्याकडे ते काम मामा करतात. चोविसावा बल्ब लागला की ते दारात उभे राहून अंगठा दाखवतात, आणि मग मी पहिल्या ओळीचं बटण दाबतो.