डिव्हाइस ट्रीमधे बटनांना नावं देताना या चुका टाळा

बटन दाबलं आणि काहीच झालं नाही की पहिला संशय सोल्डरिंगवर जातो, मग जीपीआयओ (चिपची साधी इनपुट-आउटपुट पिन) नंबरवर, आणि नावांकडे कुणी बघतच नाही. मी स्वतः दोन संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन पिन तपासत बसलो होतो आणि घोळ निघाला डिव्हाइस ट्रीतल्या एका नोडच्या नावात (डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठे आहे ते लिनक्सला सांगणारं वर्णन, नोड म्हणजे त्यातली एका भागाची नोंद). तो किस्सा पुढे सांगतो.

आधी हे बघा की डीटीएस फाइलमधे (डिव्हाइस ट्रीचा सोर्स) एकाच बटनाला चार नावं असतात. कोलनच्या आधी लिहितो ते लेबल, उदा. 'रिसेट_बीटीएन'. मग नोडचं नाव, 'बटन-रिसेट'. नोडच्या आत परत 'लेबल' नावाचीच प्रॉपर्टी (नावं सारखी, संबंध काही नाही, नवीन माणूस इथेच गोंधळतो). आणि 'लिनक्स,कोड' मधला कीकोड, म्हणजे कुठली की दाबली ते सांगणारा आकडा. पहिलं नाव दुसऱ्या फाइलमधून अँपरसँड लावून तो नोड पकडायला, दुसरं म्हणजे झाडातला त्याचा पत्ता, तिसरं माणसांनी वाचायला, आणि बटन दाबल्यावर कर्नल पुढे पाठवतो ते फक्त चौथं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लेबल प्रॉपर्टीत 'रिसेट' लिहिलं की बटन रिसेट करणार असं धरून चालणं. ओपनडब्ल्यूआरटीचं (राउटरसाठीचं लिनक्स) उदाहरण घ्या, तिथे कुठली स्क्रिप्ट चालणार हे कीकोडवरून ठरतं, 'की_रीस्टार्ट' म्हणजे 408 आला तर रिसेटची, 'की_डब्ल्यूपीएस_बटन' म्हणजे 529 आला तर डब्ल्यूपीएसची (पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय). आता होतं काय, की माणूस रिसेटचा नोड कॉपी करतो, लेबल बदलतो, जीपीआयओ बदलतो आणि कोड तसाच राहतो. मग वापरणारा डब्ल्यूपीएस समजून बटन पाच सेकंद दाबून धरतो आणि राउटर फॅक्टरी रिसेट होऊन सगळी सेटिंग्ज उडतात. लेबल बघून रिव्ह्यू करणाऱ्याला सगळं बरोबरच दिसत असतं, म्हणून कॉपी केलेल्या नोडमधे कोडची ओळ सगळ्यात आधी बदला.

अजून एक, लिनक्सच्या इनपुट कोडांच्या यादीत 'की_रिसेट' असा कोडच नाही, 'की_रीस्टार्ट'च वापरायचा. 'की_रिसेट' लिहिलात तर डीटीसी (डीटीएस कंपाइल करणारा प्रोग्राम) त्या ओळीवर नुसता सिंटॅक्स एरर देतो. आणि नाव बरोबर असूनही तोच एरर आला तर इनपुटची हेडर फाइल इन्क्लूड करायची राहिलीय.

एलईडीची सवय बटनांना लावू नका. एलईडीचं लेबल सिसएफएसमधलं (कर्नल डिव्हाइसं फाइलींसारखी दाखवतो तो फोल्डर) नाव ठरवत आलंय, म्हणून लोक बटनालाही 'कंपनी:बटन:रिसेट' असली लांब लेबलं देतात. बटनाचं लेबल मुख्यतः डीबगएफएसच्या (डीबगिंगसाठीचा तसाच फोल्डर) जीपीआयओ यादीत आणि इंटरप्टच्या यादीत दिसतं, तिथे 'रिसेट' एवढं पुरतं. पण गाळूही नका, नाहीतर सगळी बटनं 'जीपीआयओ_कीज' याच नावाने दिसतात आणि कुठलं कुठलं ते कळत नाही.

नोडच्या नावात लहान अक्षरं, आकडे आणि हायफन. जीपीआयओ-कीज या बटनांच्या ड्रायव्हरच्या स्कीमाला (नोड कसा लिहायचा याचे नियम) नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी बटन, की, स्विच किंवा इव्हेंट यातला एक शब्द लागतो, म्हणजे 'बटन-रिसेट' चालतं, 'रिसेट-बटन' चालतं, नुसतं 'रिसेट' किंवा अंडरस्कोरवालं 'बटन_रिसेट' नाही चालत. साधा बिल्ड यावर थांबत नाही, त्यामुळे स्कीमा तपासणारी 'मेक डीटीबीएस_चेक' कमांड चालवेपर्यंत पत्ता लागत नाही. 'बटन@0' पण नको, आत 'रेग' प्रॉपर्टी नसताना ॲट लावायचं नाही. कोलनआधीच्या लेबलचं बरोबर उलटं, तिथे हायफन चालत नाही, अंडरस्कोरच. एलियासमधे (नोडला दिलेलं टोपणनाव) परत हायफन. झेफायरवाल्यांनी (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) लक्षात ठेवा, बटनाचा सँपल 'एसडब्ल्यू0' हा एलियास शोधतो, आणि एलियासमधला हायफन सी कोडमधे अंडरस्कोर होतो.

आता तो किस्सा. कॉमन डीटीएसआयमधे (अनेक बोर्डांच्या डीटीएसमधे इन्क्लूड होणारी फाइल) नोड होता 'रिसेट'. चेकची वॉर्निंग घालवायला मी तो 'बटन-रिसेट' केला. एका बोर्डाच्या फाइलमधे जुन्या नावानेच 'रिसेट' नोड ओव्हरराइड केलेला होता, आत फक्त डीबाउन्स इंटरव्हल (बटनाची थरथर गाळायला थांबायचा वेळ). डीटीसीने हूं की चूं केलं नाही, त्याच्या दृष्टीने तो नवीन नोड, त्याने बनवला. आता त्या नोडला कीकोडच नाही, त्यामुळे मेनलाइनच्या (मूळ लिनक्स कर्नलच्या) ड्रायव्हरने 'बटन विदाउट कीकोड' म्हणून पूर्ण प्रोबच (डिव्हाइस सुरू करायचं काम) सोडून दिला, आणि रिसेटबरोबर पॉवरचं बटनही मेलं. दोन बटनं एकदम गेली म्हणून मी हार्डवेअरमागे लागलो. बोर्डाच्या फाइलमधे पूर्ण नोड लिहिलेला असता तर एकच जीपीआयओ दोनदा मागितला गेला असता आणि -16 म्हणजे बिझी आला असता. तेव्हापासून मी ओव्हरराइड नावाने करतच नाही, कोलनआधीच्या लेबलने करतो. लेबल सापडलं नाही तर डीटीसी तिथल्या तिथे एरर देतो.

बटन चालत नसेल तर आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, मग बोर्डावर प्रॉकमधला डिव्हाइस-ट्री फोल्डर उघडून नोड खरंच किती आहेत ते मोजा, सोर्स फाइलवर विश्वास ठेवू नका. मग इव्हटेस्ट (बटनाचे इव्हेंट दाखवणारी कमांड) लावा, दाबल्यावर कोडचा आकडा आणि 1, सोडल्यावर 0 यायला पाहिजे. उलटं येत असेल तर नावाचा दोष नाही, ॲक्टिव्ह लो आणि हायची अदलाबदल झालीय. ओपनडब्ल्यूआरटीवर बऱ्याचदा बटनं इनपुट डिव्हाइस म्हणून दिसतच नाहीत, हॉटप्लगने (काही घडलं की स्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) येतात, तिथे हॉटप्लगच्या बटन फोल्डरमधे एक ओळीची लॉगर स्क्रिप्ट टाकून काय येतंय ते बघा. नोड बरोबर, प्रोब झालेला, डीबगएफएसमधे पिन तुमच्या लेबलने दिसतेय आणि दाबूनही हाय-लो बदलत नाहीये, तर मग मल्टिमीटर काढा.