प्रागला येताय? मग या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या प्रागच्या घरी पुण्या-नाशिकहून पाहुणे येऊ लागतात आणि मी त्याच त्या चुका पुन्हा बघते.

सगळ्यात महागात पडते ती पैसे बदलण्याची घाई. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी इथलं चलन कोरुना. गेल्या वर्षी मी तिकिटं काढत होते, तेवढ्यात मामांनी शेजारच्या काउंटरवर 200 युरो देऊन टाकले. काचेवर मोठ्या अक्षरांत 'कमिशन 0%'. भाव तेव्हा युरोला 25 च्या आसपास, म्हणजे 5,000 कोरुना यायला हवे होते. आले 3,200. फलकावरचा ठळक आकडा ते युरो विकतात त्या भावाचा होता. ते युरो घेतात तो खरेदीचा भाव खाली बारीक अक्षरांत. मामांनी पावती मुठीत चुरगळली. "जाऊ दे गं," म्हणाले. मी नाही जाऊ दिलं. इथे 2019 पासून कायदा आहे: 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती सरळ केली, कोरुनांसकट काचेखालून सरकवली आणि रद्द करायचंय एवढंच सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मुकाट्याने 200 युरो मोजून दिले.

म्हणून पावती फेकू नका. मी स्वतः सगळीकडे कार्डच वापरते. रोकड लागली तर बँकेच्या एटीएममधून काढते, आणि मशीनने 'रुपयांत बदलून देऊ का' विचारलं की नाही म्हणते. रस्त्यात 'चांगला भाव देतो' म्हणणाऱ्यापुढे तर थांबायचंसुद्धा नाही.

मेट्रो-ट्रामचं तिकीट नुसतं खिशात असून चालत नाही. कागदी तिकिटावर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारा. मेट्रोत खाली उतरण्याआधी, ट्राममध्ये चढल्याबरोबर. तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

दुसरी चूक मला मनापासून लागते, ती चार्ल्स पुलावर सकाळी अकराला जाण्याची. 1357 मध्ये पायाभरणी झालेला, 516 मीटर लांबीचा, 30 पुतळ्यांचा हा पूल, आणि माणसं गर्दीत ढकलली जात सेल्फी काढून दहा मिनिटांत पार होतात. मे महिन्यात सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. तेव्हा या. व्हल्टावा नदीवर धुकं असतं, पावलं दगडांवर वाजतात. नेपोमुकच्या संत जॉनला 1393 मध्ये राजाच्या हुकमाने याच पुलावरून नदीत टाकलं. त्याच्या पुतळ्याखालचा पितळी भाग हात लावून लावून पिवळाधमक झालाय. तो नीट बघायला तेव्हाच मिळतो. 'सुट्टीत कोण उठतंय पहाटे' म्हणणाऱ्यांना मी एकच विनंती करते: एक दिवस उठा. अर्ध्या दिवसात प्राग उरकणाऱ्या सहली तर मला पटतच नाहीत.

किल्ल्यावर खालून चढत जाऊन दमू नका. 22 नंबरच्या ट्रामने वर जा आणि पायऱ्यांनी रमतगमत उतरा. 1344 ला सुरू होऊन 1929 ला पूर्ण झालेलं किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं.

जुन्या शहराच्या चौकातल्या खगोलीय घड्याळाखाली, त्यातल्या बाहुल्या फिरतात त्या तासाच्या ठोक्याला, सगळ्यांच्या माना वर असतात. तेव्हा पर्स पोटाशी धरा.

ज्यू वस्तीतली, ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद. किल्ला शनिवारी करा, ज्यू वस्ती रविवारी.