जीमेल वापरताना वाचवता येणारा वेळ

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार एका जीमेल खात्यावर चालतो आणि सचिव या नात्याने तो मला पाहावा लागतो. सुरुवातीला मी आलेला प्रत्येक मेल उघडून हाताने योग्य त्या लेबलखाली टाकत असे. रोजचा अर्धा तास त्यात जाई आणि ऐन वार्षिक सभेच्या वेळी हवा तो कागद तरीही सापडत नसे. हे वर्गीकरणाचे काम आपण न करता फिल्टरकडून, म्हणजे एकदा ठरवून दिलेल्या नियमाकडून, आपोआप करून घ्यावे, हे फार उशिरा लक्षात आले.

फिल्टर मोबाइलच्या ॲपमध्ये तयार करता येत नाही, त्यासाठी संगणकावर ब्राउझरमध्येच जीमेल उघडावे लागते. वीजबिलाचे उदाहरण घेऊ. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केल्यास एक छोटा अर्ज उघडतो. त्यातल्या ‘फ्रॉम’ या रकान्यात वीज कंपनीचा मेलपत्ता लिहून आधी ‘सर्च’ करून पाहावे, म्हणजे या अटीत नेमके कोणते मेल बसतात ते कळते. खात्री पटल्यावर पुन्हा तोच अर्ज उघडून ‘क्रिएट फिल्टर’ निवडावे, ‘वीजबिल’ हे लेबल लावण्याची आणि मेल स्पॅममध्ये न टाकण्याची खूण करावी, शिवाय जुन्या मेलनाही हाच नियम लावण्याचा पर्याय निवडावा. ‘स्किप द इनबॉक्स’ हा पर्याय मात्र बिलांसाठी वापरू नये. मी तो उत्साहाने वापरला, बिल थेट लेबलखाली जाऊन बसले आणि विलंब आकार माझ्या खिशातून गेला. जाहिराती आणि वार्तापत्रे यांच्यासाठी तो उत्तम आहे.

एखादाच जुना मेल हवा असेल, तर त्याच अर्जात पाठवणाऱ्याचे नाव, अंदाजे तारीख आणि ‘हॅज अटॅचमेंट’ ही खूण पुरेशी होते. त्यामुळे काम झालेला मेल पुसून टाकण्याऐवजी अर्काइव्ह करावा. तो इनबॉक्समधून हलतो, पण शोधात सापडतो.

साठवणुकीचे गणित वेगळे आहे. 2004 साली जीमेल सुरू झाले तेव्हा 1 जीबी जागा मिळत असे, आज मोफत खात्याला 15 जीबी मिळते. पण ती गूगलच्याच ‘ड्राइव्ह’ आणि ‘फोटोज’ या सेवांसह सामायिक असते आणि भरल्यावर नवे मेल येणे बंद होऊ शकते. अशा वेळी किरकोळ मेल एकेक करून पुसण्यात अर्थ नाही. अर्जातील ‘साइझ’ या रकान्यात 10 एमबीपेक्षा मोठे, अशी अट घालावी, आलेल्या यादीतील जोडपत्रे गरजेप्रमाणे संगणकावर उतरवून घ्यावीत आणि मगच ते मेल काढावेत. पुसलेला मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो व तोवर जागा अडवतो, म्हणून ट्रॅशही रिकामा करावा.

थकबाकीच्या स्मरणपत्रासारखा ठरावीक मजकूर वारंवार पाठवायचा असेल, तर सेटिंग्जच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘टेम्प्लेट्स’ सुरू करून तो एकदाच साठवून ठेवावा.

सेटिंग्जच्याच ‘जनरल’ भागातील ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घेण्याची, मुदत मात्र आजच बदलावी. ती मुळात 5 सेकंदांची असते, ती 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. देखभाल शुल्काच्या सूचनेत मी एकदा एक शून्य जास्त टंकले होते आणि ‘सेंड’ दाबल्यावरच ते दिसले. तेव्हा ही मुदत वाढवलेली होती, म्हणून खाली डावीकडे दिसणाऱ्या ‘अनडू’वर वेळेत पोहोचलो. अशी सूचना पाठवताना सभासदांचे पत्ते ‘टू’मध्ये न घालता ‘बीसीसी’मध्ये घालावेत, त्यामुळे कोणाचा पत्ता कोणाला दिसत नाही आणि एखाद्याने ‘रिप्लाय ऑल’ दाबले, तरी पार्किंगचे भांडण साठ घरांत जात नाही.