नाग नदीचं पाणी तपासायला येताय?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा दोरी बांधलेली बादली पुलावरून नाग नदीत सोडली. बाजूने जाणाऱ्या आजींनी विचारलं, "काय भरून राहिली वो पोरी, नाल्याचं पाणी?" नागपुरात तिला सर्रास नालाच म्हणतात. पण अंबाझरी तलावाचा सांडवा आणि शहराचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते आणि पुढे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात जाते. आपण सोडलेलं पाणी खालच्या गावांच्या वाट्याला येतं. म्हणून नमुने घ्यायला रविवारची झोप मोडणं मला कधी जड गेलं नाही.

हात बसायला वेळ लागतो तो डीओला, म्हणजे विरघळलेल्या प्राणवायूला. बाटली काठोकाठ भरायची; आत बुडबुडा राहिला की नमुना वाया. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. पारडीकडच्या माझ्या पहिल्या नमुन्यात तो पांढरा बसला. रसायन चुकलं असं वाटून पुन्हा केलं, पुन्हा पांढरा. म्हणजे पाण्यात प्राणवायू जवळपास नव्हताच. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरला निदान ५ मिलिग्रॅम लागतो. त्या दिवशी मी बराच वेळ ती बाटली हातात धरून बसले होते.

माझी एक चूक तुम्ही करू नका. अंबाझरीचे नमुने मी कधी सकाळी सातला, तर कधी कॉलेज सुटल्यावर चारला घेतले आणि वहीत वेळ लिहिली नाही. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तोच वापरतं. त्यामुळे आकडा पहाटे खाली असतो, दुपारी चढतो. दोन महिन्यांच्या नोंदींची तुलनाच होईना, टाकून द्याव्या लागल्या.

बाटल्यांवर नाव-ठिकाण घरूनच लिहून न्या, ओल्या काचेवर पेन चालत नाही. हातमोजे हवेतच. एकट्याने जाऊ नका, आणि पावसाळ्यात काठावर उतरूच नका. सप्टेंबर २०२३ मध्ये याच नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं.

पुढे प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीत माझी गुणपत्रिका बाजूला राहिली, ही वहीच चाळली गेली. तेव्हा पहिल्या रविवारी रसायनांना हात लावण्याची घाई नको. वेळ, तापमान, रंग, वास एवढंच नीट लिहा.