इंदुरात वरचा मजला भाड्याने देताय? या चुका टाळा

लोकमान्य नगर असो, रामबाग असो की सुदामा नगर, खाली घरमालक आणि वर किरायेदार ही इथली जुनी रीत. भाड्याच्या रकमेवरून वाद तसे कमीच होतात. होतात ते लाइट बिलावरून, पाण्यावरून आणि छताला आलेल्या ओलीवरून. आणि बहुतेकांची सोय चावी देण्याआधीच करता आली असती.

दोन बिऱ्हाडं, एकच मीटर

ही सगळ्यात महाग चूक. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेची सवलत महिन्याला 150 युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती कनेक्शनला मिळते, पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये. समजा तुमचे 120 युनिट आणि वरच्यांचे 120. मीटर वेगळे असते तर दोघंही सवलतीत बसले असते. एकाच मीटरवर 240 झाले की सवलत गेली, शिवाय जादा युनिट चढ्या दराच्या टप्प्यात. वर जिना आणि स्वयंपाकघर स्वतंत्र असेल तर वीज कंपनीकडे वेगळ्या कनेक्शनसाठी अर्ज करा. (एकाच कुटुंबानं सवलतीपायी घर कागदावर फोडणं हा निराळा उद्योग, त्या वाटेला जाऊ नका.)

सबमीटरवरच (वरच्या मजल्याचे युनिट मोजायला तुम्हीच लावलेला मीटर) भागवायचं असेल तर पूर्ण बिलाला एकूण युनिटांनी भागा आणि येईल तोच दर दोघांना लावा. ‘आठ रुपये युनिट’ असा ठोक दर ठरवला की दुसऱ्या महिन्यापासून कुरबुर सुरू.

सबमीटर बरोबर जोडलाय का, हेही तपासा. वरच्या मजल्याचे सगळे एमसीबी (बोर्डातले वीज तोडणारे खटके) पाडा, मग पाण्याची मोटर आणि जिन्यातला दिवा चालू करा. तरीही सबमीटरचा लाल दिवा लुकलुकत असेल तर मोटरची किंवा दिव्याची जोडणी सबमीटरमधून गेलेल्या विजेवर आहे, म्हणजे तुमच्या मोटरचं बिल किरायेदार भरतोय. आधी वायरमनला बोलवा.

टाकी लहान

नर्मदेचे नळ बहुतेक वसाहतींत एक दिवसाआड येतात. माणशी रोज 135 लिटर हे नेहमीचं माप धरलं, तर चौघांना दोन दिवसांत 1,080 लिटर लागतात. 500 लिटरची टाकी दुसऱ्या दिवशी सकाळीच कोरडी पडते, मग मोटर कोणी आणि किती वेळ चालवायची यावर कटकट. वरच्या बिऱ्हाडासाठी वेगळी, 1,000 लिटरपेक्षा मोठी टाकी बसवा. छतावर वजन वाढतं, म्हणून ती भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवा.

ओल दिसली की थेट फरशी फोडणं

खालच्या छताला डाग आला की मिस्त्री पहिल्याच दिवशी वरच्या न्हाणीघरावर घण घालतो. थांबा, गळती कुठली ते आधी ओळखा.

रात्री मोटर बंद, टाकीत येणारं पाणी बंद, घरातले सगळे नळ बंद. फ्लशचा अँगल कॉकही (फ्लशला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, नाहीतर गळका फ्लशच चकवतो. टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर दोष पाण्याच्या लाइनीत. अशी ओल दिवसरात्र सारखीच राहते.

पातळी जागेवर असेल तर मोरीच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी 24 तास तुंबवा. डाग वाढला तर टाइल्सच्या सांध्यांतून झिरपतंय. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरल्यानं बहुतेकदा काम होतं, फरशी शाबूत राहते. डाग तसाच राहिला तर बोळा काढा आणि रंगीत पाणी आधी मोरीत, दुसऱ्या दिवशी कमोडमध्ये ओता. पहिल्या दिवशी रंग खाली उतरला तर मोरीचा ट्रॅप (जाळीखालचा वाकडा पाइप) दोषी, दुसऱ्या दिवशी उतरला तर कमोडचा सांधा.

भिंतीतल्या पाइपाचा खर्च मालकाचा, केसांनी तुंबलेल्या मोरीचा किरायेदाराचा. हे करारातच लिहून टाका.

करार आणि थकलेलं भाडं

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. भाडं थकलं म्हणून वीज-पाणी तोडलं किंवा कुलूप घातलं, की उलट तुम्हीच अडकता. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे आधी थकबाकीची लेखी मागणी करायची. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण रक्कम आली नाही तर त्या कारणावर घर रिकामं करून मागता येतं. म्हणून भाडं बँकेतूनच घ्या. रोखीतल्या थकबाकीचा हिशेब सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मालकीण विधवा असेल किंवा मालक निवृत्त सरकारी कर्मचारी असेल, तर स्वतःच्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट याच कायद्यात आहे.

किरायेदाराची माहिती ठाण्यात द्या, भंवरकुआंकडे कोचिंगच्या मुलांना एक खोली दिली असली तरी.

फ्लॅट परदेशी राहणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट. भाडं महिन्याला 50,000 च्या आत म्हणून टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा कर) नाही, ही सूट मालक भारतात राहत असेल तरच. मालक अनिवासी असल्यास भाडं कितीही कमी असो, भाडेकरूनं कर कापायचा असतो.

डिपॉझिट

चावी देताना मीटरच्या आकड्यांचे, प्रत्येक नळाचे, न्हाणीघराच्या छताचे आणि दारांच्या कुलपांचे फोटो काढून त्याच दिवशी किरायेदाराला पाठवा. फिका पडलेला रंग कापून घेऊ नका, तो वापराचाच भाग. फुटलेलं बेसिन मात्र फोटोनिशी कापता येतं.