छोटा उदेपूरच्या शाळेत मोटर फिरवायची तर

बडोद्याहून तयार किट नेऊ नका. टाळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी ते कपाटात कुलूपबंद. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढलेल्या शहरात कारागीर शोधावा लागत नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून इनॅमलची (वीज अडवणारा पातळ लेप असलेली) तांब्याची उरलेली तार मागा. सोबत दीड व्होल्टचे सेल, सेफ्टी पिना, रबर बँड, छोट्या स्पीकरची चुंबकं.

तारेचे सेलभोवती दहाएक वेढे घ्या, वेटोळं काढून टोकं समोरासमोर सरळ करा. खरी गोम पुढे आहे: एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर तोच प्रवाह वेटोळ्याला उलटा ओढतो आणि ते नुसतं डोलत राहतं. हे आधी सांगू नका. मुलांनाच शोधू द्या. पिना रबर बँडने सेलच्या दोन टोकांना, चुंबक सेलवर, वेटोळं पिनांच्या भोकांत. मग हलकी टिचकी. अडकलेली मोटर जोडून ठेवू नका, तार तापते.

समजावण्याचं काम तिथल्या राठवी बोलणाऱ्या शिक्षकांवर सोपवा. आपलं मराठी वळणाचं गुजराती पोरांना हसायला पुरतं! निघताना पक्कड आणि पॉलिश पेपर तिथेच ठेवा, पण मुलांना सहज घेता येतील अशा जागी.