भंगारातला मारुतीचा डिफरन्शियल चेनवाल्या कार्टला कसा बसवायचा

आधी एक विचारतो, डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जुळणी) खरंच पाहिजे का? कारण रेसिंगच्या गो-कार्टला तो नसतोच, मागचा एक्सल अख्खा एक असतो आणि वळणावर कॅस्टरमुळे (पुढची चाकं ज्या पिनभोवती वळतात तिचा मागं कललेला कोन) आतलं मागचं चाक जरासं उचललं जातं म्हणून ती वळते. पण शेतात, पटांगणात पोरांना घेऊन हळू फिरवायची जड कार्ट असेल तर ते चाक उचलत नाही, मग हँडल कितीही पिळा, गाडी आपली नाकासमोर. हिशोब करून बघा, मागच्या दोन चाकांत १ मीटर अंतर असेल तर गोल लहान मारा की मोठा, एका पूर्ण फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ६.२८ मीटर जास्त धावतं. ११ इंची चाकाचा घेर साधारण ८८ सेंटिमीटर, म्हणजे सात चक्करं जास्त! अख्ख्या एक्सलवर ती सगळी टायर घासूनच निघतात.

मी वापरला तो मारुती ८०० चा. गाडी २०१४ ला बंद झाली पण तिचे गिअरबॉक्स भंगारात अजून दिसतात. मी कोल्हापूरचा, इथं उद्यमनगरच्या बाजूला फिरलो की लेथ, शेपर, वेल्डिंग सगळं हाकेवर, त्यामुळे काम सोपं झालं. केसिंग (बाहेरचं कवच) फुटलेला गिअरबॉक्स मागा, स्वस्तात सुटतो, आपल्याला केसिंगशी काय करायचंय. ई-रिक्षाचा आयता एक्सल पण लोक सुचवतात, पण ती गाडी कायद्यानंच ताशी २५ किमीची, रिडक्शन म्हणजे वेग कमी करणारे गिअर एक्सलच्या आतच, त्यात मोटारची जागा मोडून चेन घालत बसायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

गिअरबॉक्स उघडला की डिफरन्शियलची केस दिसते, तिच्यावर मोठा तिरक्या दातांचा गिअर, म्हणजे क्राऊन, बोल्टनं आवळलेला असतो. तो काढायचा आणि त्याच जागी बाईकचं स्प्रॉकेट लावायचं, सगळी आयडिया एवढीच. केसच्या आतले छोटे गिअर, म्हणजे स्टार पिनियन, हातानं फिरवून बघा, दात तुटलाय किंवा ते ज्यावर फिरतात ती क्रॉस पिन ढिली आहे असं वाटलं तर तो तिथंच ठेवून या.

स्प्रॉकेट ४२८ चेनचं घ्या, पिच म्हणजे चेनच्या दोन पिनांतलं अंतर १२.७ मिमी, ४४ दात असतील तर पिच व्यास (चेनच्या पिना ज्या गोलावर बसतात त्याचा) १७८ मिमी येतो. चेनच्या पट्ट्या त्याच्याही आत सहा-सात मिमी उतरतात, म्हणून केसचा फ्लँज (क्राऊन बसायची गोल कडा) १६० च्या आत बसतोय का ते आधी व्हर्नियरनं मोजा, नसेल तर दात वाढवा. आता मी केलेला गाढवपणा सांगतो. पहिल्यांदा मी स्प्रॉकेटला नुसती बोल्टची भोकं पाडली आणि मधलं भोक गॅस कटरनं मोठं केलं, म्हटलं बोल्ट सेंटर धरतील. कसले धरतात! चेन एका जागी तारेसारखी ताठ आणि अर्ध्या फेरीनं लोंबकळलेली, ताठ जागेवर ढिली केली तर दुसऱ्या जागेवर उतरायची. क्राऊन ज्या खांद्यावर घट्ट बसत होता तो खांदा मोजून स्प्रॉकेटचं भोक लेथवर त्याच मापाला बोअर करून घ्यायचं, हातानं दाबल्यावर बसेल न बसेल असं. बोल्टचं काम फक्त आवळायचं. स्प्रॉकेट क्राऊनपेक्षा पातळ असतं, त्यामुळे आरपार बोल्ट टाकून मागनं नायलॉक नट लावा, बोल्ट १०.९ ग्रेडचे.

केसच्या दोन्ही टोकांची बेअरिंग नंबर वाचून तसलीच नवीन आणा. ती धरायला १० मिमीच्या दोन एमएस प्लेटा लागतात, त्या एकावर एक टॅक करून एकाच सेटिंगमध्ये बोअर करा, वेगवेगळ्या केल्या की सेंटर चुकलंच म्हणून समजा.

तेलाचं काय? गिअरबॉक्समध्ये हा तेलात बुडालेला असतो, आपल्याकडं तो उघडा आणि केसला तर खिडक्या. मी खिडक्यांवर पत्र्याची पट्टी गुंडाळून सिलिकॉन लावून दोन क्लिप आवळल्या, आत पातळ गिअर ग्रीस. सरळ जाताना स्टार पिनियन स्वतःभोवती फिरतच नाहीत, फक्त वळणावर फिरतात, म्हणून एवढ्यावर भागतं. थोडं गळतं, गळू दे.

शाफ्टला मात्र काटकसर करू नका. मारुतीचा शाफ्ट कापून पाईपला वेल्ड मारायचा मोह होतो, पण ते कडक केलेलं स्टील असतं, वेल्डच्या शेजारी काचेसारखं तुटतं. आतल्या जॉइंटचा स्प्लाइनचा (उभ्या खाचांचा) तुकडा नमुना म्हणून द्या आणि ईएन २४ या मजबूत स्टीलमध्ये दोन शाफ्ट बनवून घ्या, शाफ्ट अडकवणाऱ्या सर्क्लिपची खाच विसरू नका. बाकी शाफ्ट ३० मिमी ठेवला की यूसीपी २०६ बेअरिंग बसतं, एका बाजूला दोन, एक डिफरन्शियलजवळ, एक चाकाजवळ. वळणाचा आडवा जोर बेअरिंगच्या ग्रब स्क्रूवर (शाफ्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) सोडू नका, शाफ्टला स्टेप काढा.

ब्रेक एकाच बाजूच्या शाफ्टवर लावला तर घात होतो, तो शाफ्ट धरला तरी दुसरं चाक फिरायला मोकळं, गाडी भलतीकडं ओढते. एकतर दोन्ही चाकांना वेगळी डिस्क, नाहीतर डिस्क थेट डिफरन्शियलच्या केसवर. केसवर लावली की दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागतो आणि चेन तुटली तरी लागतो. आणि पुढचा कॅस्टर कमी करा, कारण आता आतलं चाक उचललं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकातच जाणार.

इंजिनच्या माउंटिंगला लांबट भोकं ठेवून चेनचा ताण जमवा, सस्पेन्शन नसल्यानं १०-१५ मिमी ढील पुरते. सीटच्या मागं चेनगार्ड नसेल तर स्टार्टच मारू नका. आधी मागची बाजू स्टँडवर घ्या, गिअरमध्ये टाकून एक चाक हातानं पुढं फिरवा, दुसरं उलटं फिरलं पाहिजे. मग मैदानात दोन तास चालवा (रस्त्यावर नाही हं), बोल्ट परत आवळा आणि पट्टी उघडून ग्रीस बोटावर घेऊन उन्हात धरा. मळकट दिसलं तर बंद करून चालू द्या, चंदेरी चमचम दिसली तर केस खोला, स्टार पिनियनमागचे वायसर खाल्लेले असतात.